उलाळ झालेली गाडी

आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर दर मार्च-एप्रिलमध्ये कुणाला ना कुणाला कॅरॅव्हॅनचं वेड लागतं. मग मला निरोप येतो, "मीनल, तुम्ही घेतलीये ना? काय काय लागतं, सांगशील का?" माझ्याकडे यादी तयारच असते. गाडीची ओढायची क्षमता कुठल्या कागदावर पाहायची, लायसन्स कुठलं, जादा आरसे कसे लावायचे, हूक कुणाकडून बसवून घ्यायचा, गॅसची तपासणी, टायरचं वय. यादी इतकी नीटनेटकी आहे की वाचणाऱ्याला वाटावं, या बाईच्या हातून कधी चूक झालीच नसेल. त्या समजाचा मला अलीकडे फार त्रास होतो, म्हणून हे लिहायला बसले. ही आमच्या पहिल्या मोठ्या प्रवासाची हकिकत आहे. त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं.

फ्रँकफर्ट, निघण्याआधी

आम्ही फ्रँकफर्टजवळ राहतो. समीर, माझा नवरा, उत्तम गाणी लावतो आणि गाडी सुरू झाली की त्याहून उत्तम झोपतो. त्यामुळे गाडी मी चालवते. ईरा, आमची मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. आणि नाना, माझे सासरे, तीन महिन्यांच्या व्हिसावर आले होते. सासूबाई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच गाव सोडून कुठे निघाले होते.

नाना सांगली जिल्ह्यातले. आयुष्यभर त्यांनी ऊस ओढला. तरुणपणी बैलगाडीने आणि नंतर तीसेक वर्षं ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लावून, शेतातून कारखान्यावर. आल्या आल्या समीरने विचारलं, "नाना, काय बघायचंय? म्युनिक? पॅरिस? स्वित्झर्लंडला पण जाऊ शकतो आपण, नो प्रॉब्लेम."

नानांनी थोडा विचार केला. "हितं म्हणं बीटापासनं साखर करत्यात. त्यो कारखाना दावा मला."

"फक्त कारखाना?"

"लांबनं दावला तरी चालंल. मळीचा वास येतो का बघायचाय."

मग त्यांनी ईराला समजावलं की त्यांच्या गावात हंगाम सुरू झालाय हे कॅलेंडर सांगत नाही, वास सांगतो. वारा कारखान्याकडून फिरला की माणसं म्हणतात, चला, पेटला बॉयलर. बायका नाकाला पदर लावतात, पण तो वास आला नाही त्या वर्षी गावात कुणाला करमत नाही. ईरा जर्मनमध्ये म्हणाली, "म्हणजे घाण वास, पण चांगला?" नाना "व्हय, आगदी तसाच" म्हणाले. तिचं जर्मन त्यांना कसं कळलं कोण जाणे.

बीटाचा हंगाम इथे शरदातच असतो आणि बॉन-आखनच्या मधल्या सपाट पट्ट्यात बीटाची शेतंच शेतं आहेत. ऑक्टोबरच्या सुट्टीत ईराची शाळाही बंद. तेव्हा बेत असा ठरला: बॉनजवळ ऱ्हाइनच्या काठी दोन दिवस, मग आखनच्या बाजूला दोन दिवस आणि परतताना कारखाना. "शेवटच्या दिवशी, जमलं तर," असं मी म्हटलं होतं. "जमलं तर" हे माझे शब्द, नानांचे नाहीत.

आता थोडं कामाचं. गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून वजन साडेतीन टनांवर जात असेल तर इथलं साधं लायसन्स पुरत नाही. मी त्याचं वेगळं प्रशिक्षण घेऊन परीक्षा दिली होती. चौकातून ट्रेलर उलटा वळवून दाखवावा लागतो आणि त्यात भलेभले गडबडतात. त्या बॅचमध्ये मी एकटी बाई आणि एकटी भारतीय होते आणि पहिल्या फटक्यात पास झाले. हे मी तेव्हा कितीजणांना सांगितलं याचा हिशेब नाही. पुढे जे झालं त्याचं मूळ थोडंफार या अभिमानात आहे.

आमची गाडी जुनी डिझेल एसयूव्ही. कॅरॅव्हॅन वापरलेलीच घेतली होती. पुढे आमचा पलंग, मध्ये शेगडी आणि बेसिन, मागच्या भिंतीला दोन मजली बंक. खालच्या बंकखाली मोठी पोकळी आणि तिला बाहेरून उघडणारं एक दार. ते दार म्हणजे मोह आहे. बाहेर उभं राहून वाट्टेल ते आत ढकलता येतं.

कॅरॅव्हॅनचं नाक गाडीच्या हुकावर जितकं दाबतं त्या भाराला जर्मनमध्ये श्टुट्झलास्ट म्हणतात. तो किती चालतो हे हुकावरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, आमच्या गाडीला पंचाहत्तर किलो. ती मर्यादा ओलांडायची नाही, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की मी जड ते सगळं मागे टाकलं. भार फार कमी झाला तर काय होतं, तेही पुस्तकात होतं. पण मी ते परीक्षेपुरतं वाचलं होतं. परीक्षेच्या ट्रेलरमध्ये वजन आधीच कुणीतरी नीट ठेवलेलं असतं.

आणि आपल्या लोकांचं जड म्हणजे काय? इथली शेजारीण कॅरॅव्हॅनमधून जाते तेव्हा पास्ता, सॉस आणि दोन घड्या घालायच्या खुर्च्या नेते. मी दहा किलोंची कणकेची गोण घेतली, कारण नानांना भाकरी-पोळीशिवाय चालणार नाही. तांदूळ घेतले. मोठा कुकर, लोखंडी तवा, दगडी चाकांचा इडलीचा ग्राइंडर, कारण समीर म्हणाला, "कॅम्पिंगवर इडली, काय भारी व्हाइब येईल!" दिवाळी आठवड्यावर होती म्हणून चिवडा आणि चकल्यांचे डबे. तेलाचा डबा. पाण्याच्या बाटल्यांचे दोन क्रेट. सगळं त्या मागच्या दारातून आत गेलं. पाच दिवसांच्या प्रवासाला आम्ही निम्मं स्वयंपाकघर घेऊन निघालो होतो आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

बॉन

पहिला टप्पा बरा गेला. उतारावर गाडीची शेपटी जराशी डुलल्यासारखी वाटली, पण मी ते वाऱ्यावर ढकललं. नाना मागे ईराच्या शेजारी बसले होते. एकदा ते म्हणाले, "मीनल, गाडी मागं वढतीया का गं?" मी म्हटलं, "नाही नाना, एवढं हलतंच."

ऱ्हाइनच्या काठची जागा सुंदर होती. पिवळी पडलेली झाडं, पलीकडे डोंगर, नदीतून संथ चाललेले लांबलचक मालवाहू पडाव. नाना त्या पडावांकडे तासन्‌तास बघत बसले. कुठल्या पडावात काय भरलंय आणि तो पुढे दबलाय की मागे, हे ते ईराला सांगायचे. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा विरंगुळा आहे.

इथल्या कॅम्पिंगचे रिवाज नव्या माणसाने माहीत करून घ्यावेत. दुपारी एक ते तीन फाटक बंद. तेव्हा गाडी हलवायची नाही, मोठ्याने बोलायचं नाही. सकाळी अंघोळीच्या इमारतीकडे माणसं टॉवेलच्या झग्यात बिनदिक्कत चालत जातात आणि वाटेत भेटेल त्याला "मोर्गन", म्हणजे शुभ सकाळ, म्हणतात. भांडी घासायला सार्वजनिक ओटा असतो आणि तिथे बहुतेक पुरुष उभे असतात. नानांना याची फार गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच टब उचलून तिकडे गेले आणि परत येऊन म्हणाले, "चार बाप्ये आन्‌ मी. कोन कुनाशी बोलंना, पर समद्यांची भांडी लख्ख." ते लुंगीवर स्वेटर घालून सगळ्यांना "मोर्गन" म्हणत हिंडायचे, अगदी संध्याकाळीसुद्धा.

मी केलेल्या थालीपिठांच्या वासाने पलीकडच्या बाई डोकावल्या. त्यांना दोन दिली, त्यांनी सफरचंदाचा केक दिला. नाना खूश होते. पोहोचल्या दिवशी मी कॅरॅव्हॅन सोडवत असताना ते शेजारी उभे होते. म्हणाले, "जाताना मला येकदा जोडू दे की. हातानं जोडून लई वरसं झाली."

मी म्हटलं, "नाना, इथे इन्शुरन्सचं असतं सगळं. ज्याचं लायसन्स त्यानेच करायचं."

हे खोटं होतं. हूक कुणीही जोडू शकतं, तपासायची जबाबदारी चालवणाऱ्याची. मला फक्त ते माझं काम दुसऱ्याच्या हातात द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला तो निघायच्या सकाळपर्यंत. कॅरॅव्हॅनच्या दाराला जोडायचा तंबू ओलाचिंब झाला होता. तो तसाच गुंडाळून मी समीरला मागच्या पोकळीत कोंबायला सांगितला. ओला तंबू किती जड होतो ते उचलल्याशिवाय कळत नाही. तो समीरने उचलला होता, म्हणून मला ते कळलंही नाही.

मी चहाचे कप विसळून आले तर नाना कॅरॅव्हॅनच्या नाकापाशी उभे होते. पुढचा दांडा त्यांनी एका हाताने उचलला होता.

"मीनल, जरा हिकडं ये. गाडी उलाळ झालीया."

उलाळ हा त्यांचा बैलगाडीच्या काळातला शब्द. मागे भार जास्त झाला की गाडीचं जू वर उठतं आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. हे त्यांनी मला नंतर सांगितलं, फार नंतर. तेव्हा सांगायची संधी मी दिलीच नाही.

"बघ की, येका हातानं उचलतंय. मागचं वझं पुढं घ्याया पायजे. कणीक आन्‌ त्यो तंबू तरी काढ."

अकराच्या आत जागा सोडायची होती. केकवाल्या बाई निरोप द्यायला येऊन उभ्या होत्या. समीर फोनवर होता. ईरा नानांच्या शेजारी दांड्याला हात लावून उभी होती, तिलाही तो उचलून बघायचा होता. मी म्हणाले आणि चढ्या आवाजात म्हणाले, "नाना, ही उसाची ट्रॉली नाहीये. इथे सगळ्याचे नियम असतात. मी परीक्षा दिलीये याची. तुम्ही प्लीज गाडीत जाऊन बसा."

बाईंना मराठी कळत नव्हतं, पण आवाज कळतोच. त्या केकची रिकामी ताटली घेऊन मागे सरकल्या. नानांनी दांडा हळूच खाली ठेवला. ईराचा हात त्याखाली येत नाही ना, हे आधी बघितलं. मग गाडीत जाऊन बसले.

बॉन ते आखन

पाऊस थांबला होता, वारा होता. या भागात जमीन अगदी सपाट, दूरवर पवनचक्क्या आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी माती. मधूनमधून शेताच्या कडेला मातकट गोळ्यांचे लांबच लांब ढीग दिसत होते. नाना काचेला नाक लावून बघत होते. ईरा जर्मनमध्ये म्हणाली, "नाना, तेच बीट!" नाना नुसते हसले.

पुढे एक लांब ट्रक होता. किंचित उतार होता. मी डावीकडच्या लेनमध्ये येऊन त्याला ओलांडायला लागले, वेग शंभरच्या जवळ. ट्रकच्या आडोशातून पुढे निघालो आणि वारा बाजूने आदळला. कॅरॅव्हॅन एकदा डावीकडे गेली. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, आधीपेक्षा जास्त. तिची खिडकी कधी या आरशात दिसायची, कधी त्या. एसयूव्हीचं मागचं अंगच कुणीतरी धरून फिरवतंय असं वाटलं. समीर जागा झाला आणि "अगं, अगं" म्हणाला. मी स्टेअरिंग उलट वळवायला निघाले होते. सगळ्यांना तेच सुचतं आणि तेच करायचं नसतं.

मागून नानांचा आवाज आला. चढा नव्हता. "पाय काढ. स्टेरिंग वळवू नगं. सरळ धरून ऱ्हा नुसतं."

मी पाय काढला. हात घट्ट धरले. ट्रकवाल्याने ओळखलं असावं, त्याने मागे राहून जागा दिली. दोनदा आणखी झोल गेला, मग कमी झाला, मग थांबला. नानांचा एक हात ईराच्या छातीवर आडवा होता. ते एवढंच म्हणाले, "आता हळू जा. थांबायची जागा बघ."

पुढच्या पार्किंगला मी गाडी थांबवली. आमच्यामागे आणखी एक कॅरॅव्हॅन आत आली. ती ओढणाऱ्या गाडीतून सत्तरीचा एक जर्मन उतरला, डोक्यावर कापडी टोपी. त्याने मागून सगळं पाहिलं होतं. रागावला नाही. म्हणाला, आधी सोडवून बघू. आम्ही कॅरॅव्हॅन सोडवली. त्याने पुढचा दांडा एका हाताने उचलला, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मग मागच्या बंककडे बोट दाखवलं आणि हात पुढे आणला. मागे फार वजन आहे, श्टुट्झलास्ट जवळजवळ शून्य आहे, जड सामान चाकांच्या वर आणि जरा पुढे घ्या. मी "या, या, गेनाऊ", म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, म्हणत मान डोलवत होते. सकाळी जे ऐकून मी चिडले होते, तेच शब्दाला शब्द ऐकून आता मी आभार मानत होते.

ईरा माझ्या शेजारी होती. ती जर्मनमध्ये, त्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पण हे तर नाना सकाळीच म्हणाले होते."

"कोण नाना?" त्याने विचारलं. ईराने बोट दाखवलं. नाना चार पावलांवर उभे होते. त्या माणसाने त्यांच्याकडे पाहून टोपीला हात लावला. नानांनी हात जोडले.

तो गेल्यावर नानांनी विचारलं, "काय म्हनत हुता गं?"

मी म्हणाले, "काही नाही नाना. टायरची हवा बघून घ्या म्हणाला."

हे वाक्य मी का बोलले, याचं उत्तर मी दीड वर्ष शोधते आहे. घाबरले होते, हे खरं. थकले होते, हेही खरं. पण "तो तुमचंच बरोबर होतं म्हणाला" ही पाच शब्दांची गोष्ट माझ्या तोंडून निघेना. ईराने माझ्याकडे बघितलं. तिला दोन्ही भाषा येतात, हे मी विसरले होते.

नाना "बरं" म्हणाले. मग मी काही सांगायच्या आत त्यांनी मागचं दार उघडलं, कणकेची गोण खांद्यावर घेतली आणि आत नेऊन बरोबर चाकांच्या वर, शेगडीपुढच्या जमिनीवर ठेवली. ग्राइंडर आणि पाण्याचे क्रेट तिच्या पुढे. ओला तंबू मध्ये. चिवड्या-चकल्यांचे डबे मागेच राहू दिले, ते हलके होते. पुन्हा दांडा उचलून पाहिला. या वेळी दोन हात लागले. मग ते गाडीत जाऊन बसले. मी जोडणी केली. पुढचं चाक वर घेतलं का, सुटल्यास ब्रेक लावणारी दोरी अडकवली का, दिव्यांचा प्लग बसला का, सगळं यादीप्रमाणे तपासलं.

आखन

आखनच्या दोन दिवसांबद्दल लिहिण्यासारखं खूप आहे आणि मला फार थोडं आठवतं. जुनं चर्च पाहिलं. मसाल्याची कडक बिस्किटं खाल्ली. नानांनी ती चहात बुडवली आणि म्हणाले, "आता दाताला जमतंय." गावाच्या मधोमध गरम पाण्याचा झरा आहे, त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. पर्यटक नाक धरून हसत होते. नाना जवळ जाऊन वास घेत उभे राहिले. "गंधक हाय," ते म्हणाले. मला कळलं, त्यांना कुठला वास आठवतो आहे.

ते रुसले नव्हते. रुसले असते तर मी समजूत काढली असती. ते नीट बोलायचे, जेवायचे, ईराला गोष्टी सांगायचे. फक्त गाडीजवळ यायचे नाहीत. मी कॅरॅव्हॅनपाशी काही करायला लागले की ते मुद्दाम तिकडे पाठ करून बसायचे. ओल्या गवतात चाक फसलं आणि समीरने हाक मारली तेव्हाही त्यांनी लांबूनच सांगितलं, "मीनलला इचार. तिला ठावं हाय."

परतताना

शेवटच्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. कारखाना हायवेपासून वीसेक मिनिटांवर होता. लांबून त्याची चिमणी दिसत होती आणि पांढरी वाफ एका बाजूला झुकलेली. बाहेर पडायच्या फाट्याची निळी पाटी आली.

समीर म्हणाला, "घ्यायचा ना एक्झिट? नानांचा कारखाना."

मी म्हणाले, "गावातले रस्ते लहान आहेत रे. ही एवढी मोठी घेऊन कुठे वळवू? आणि उद्या ऑफिस आहे. नाना, पुढच्या वेळी नक्की. चालेल ना?"

"चालतंय की," नाना म्हणाले.

ज्या माणसाने दोन ट्रॉल्या उलट्या घेत आयुष्य काढलं, त्याला मी वळवायची अडचण सांगत होते. रस्त्याला काही झालं नव्हतं. त्याच रस्त्यावरून बीट भरलेल्या त्याहून मोठ्या गाड्या जात होत्या. खरं कारण मला तेव्हाही माहीत होतं. तिथे गेल्यावर नाना जाणकार झाले असते. ट्रॉली कशी भरलीये, कुठे भार आहे, हे त्यांनी ईराला दाखवलं असतं आणि मला बाजूला उभं राहून ऐकावं लागलं असतं. मला ते नको होतं. पाटी मागे गेली. आरशात मला दिसलं, नाना मान वळवून मागच्या काचेतून बघत होते. पण मागच्या काचेतून कॅरॅव्हॅनशिवाय काहीच दिसत नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी ते परत गेले. त्याच हिवाळ्यात त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसवावे लागले. आता डॉक्टर लांबच्या विमानप्रवासाला नाही म्हणतात आणि त्यांचंही मन होत नाही. पुढची वेळ असं मी म्हटलं होतं, ती येणार नाही.

पुन्हा तिथेच

पुढच्या ऑक्टोबरात मी आणि ईरा दोघीच गेलो. सामान मी आदल्या दिवशी भरलं. जड ते खाली, चाकांच्या वर, थोडं पुढे. मागच्या बंकखाली फक्त गाद्या. हुकावरचा भार मोजायची छोटी काठी मिळते, ती घेतली आहे. यादीत तिचं नाव आता सगळ्यात वर आहे. पण मी काठी लावायच्या आधी ईराने दोन्ही हातांनी दांडा उचलायचा प्रयत्न केला, हलला नाही, तेव्हा म्हणाली, "उलाळ नाय." तिचं मराठीतलं उत्तर मी किती दिवसांनी ऐकलं.

त्या फाट्याला बाहेर पडलो. गावातले रस्ते अजिबात लहान नव्हते. शेताच्या कडेला बीटाचा ढीग होता, माणसाच्या उंचीपेक्षा मोठा, आणि एक अजस्र यंत्र तो उचलून गाडीत भरत होतं. मी कॅरॅव्हॅन बाजूला उभी केली आणि नानांना व्हिडिओ कॉल लावला. ते ओसरीवर बसले होते, बारीक झालेले, अंगात तोच स्वेटर.

"आगं, मुळाच हाय की हा! मातीच किती आलीया," ते म्हणाले. "त्या गाडीत भरत्यात ती दाव. पुढनं भरत्यात का मागनं?"

मी दाखवलं. त्यांनी बारकाईने पाहिलं. "पुढनं भरतोय. बराबर हाय."

मग मी सांगितलं. पार्किंगमधला तो म्हातारा टायरचं काहीच बोलला नव्हता, तुम्ही सकाळी जे सांगितलंत तेच म्हणाला होता आणि मी तुमच्याशी खोटं बोलले.

नाना म्हणाले, "ठावं हाय मला."

"कसं?"

"त्यानं येका हातानं दांडी उचलली, मागं बोट केलं. त्यात भाषा कशाला लागती? आन्‌ टोपीला हात लावला की त्यानं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"पोरगी हुती की शेजारी," ते म्हणाले. "तिच्याम्होरं तिच्या आईला खाली बघाया कशाला लावायचं?"

ईरा माझ्या शेजारीच उभी होती. ती तेव्हाही शेजारी होती, मी नानांवर आवाज चढवला तेव्हाही. मी त्याचा विचार केला नव्हता आणि त्यांनी केला होता. "नाना, माझं चुकलं," मी म्हणाले. एक वर्ष उशिरा आणि सात हजार किलोमीटरवरून.

"ऱ्हाऊ दे गं. फोन कारखान्याकडं फिरव."

मी फिरवला. चिमणी, वाफ, फाटकापाशी गाड्यांची रांग. ते बराच वेळ बघत राहिले.

"वास येतो का?"

"येतो, नाना."

"मळीसारखा?"

मी खोल श्वास घेतला. ओल्या मातीचा आणि काहीतरी गोडसर शिजत असल्याचा वास होता, उकडलेल्या रताळ्यांच्या जवळचा. मळीचा वास मी आयुष्यात एकदोनदाच घेतला होता, तोही सासरी जाताना नाकाला रुमाल लावून. हा तसा आहे की नाही, ते मला सांगता येईना. सांगू शकणारा माणूस एकदा माझ्या गाडीत बसून इथून वीस मिनिटांवरून गेला होता.

"रताळं उकडल्यावर येतो ना, तसा," मी म्हणाले.

"सांगून न्हाई कळायचं ते," नाना म्हणाले. "तू घे. घे चांगला."